मागं तोंड करून पाहिलेली वाट

आमच्या आत्याला वाट विचारली तर ती सांगायची जरूर, पण ती जागा मागं टाकून दोन शेतं पुढं गेल्यावर. "अगं बया, गेलं की ते!" असं म्हणत ती गर्रकन वळायची, आणि तिच्यामागं चाललेली अठ्ठावीस माणसं, दोन बैलगाड्या आणि एक पाळकसाहेब यांना परत फिरावं लागायचं. पहिल्या दिवशी हे तीनदा झालं. या सगळ्यांची वाटाड्या म्हणून नेमणूक माझी झालेली होती, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

हे निजामाच्या राज्यातलं. मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची, जालन्याला मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. आमची वस्ती गावाबाहेर. शाळा, दवाखाना, देऊळ आणि घरांच्या दोन रांगा. देऊळ म्हणजे आमचं ख्रिस्ती देऊळ. त्याला चर्च आम्ही फक्त साहेबासमोर म्हणायचो. वस्तीतली निम्मी घरं गोदावरीकाठच्या गावांतून आलेली. मोठा दुष्काळ पडला तेव्हा तिकडची आमची माणसं, गावकुसाबाहेरची, घरं सोडून निघाली. जालन्याला मिशनवाले पोटाला देतात आणि जवळ बसवून बोलतात, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. वाटेत काही मेली, बाकीची पोचली, त्यांचा बाप्तिस्मा झाला. तीच आमची आद्य मंडळी. दर वर्षी देवळात त्यांच्या नावानं प्रार्थना व्हायची आणि आम्ही लेकरं ती कधी संपते याची वाट पाहत चुळबुळ करायचो.

मग नवे पाळकसाहेब आले. तरणे, पुण्याला शिकलेले, आणि उत्साह इतका की माणूस त्यांच्यासमोर बसला तरी दमायचा. त्यांच्या मनानं घेतलं की आद्य मंडळींच्या वाटेनं सगळ्यांना चालवत न्यायचं. शहागडला गोदावरीच्या काठी प्रार्थना करून निघायचं, वडीगोद्री, अंबड करत पाचव्या दिवशी जालन्याच्या देवळात यायचं. जिथं जिथं पूर्वज थांबले तिथं तिथं थांबायचं, वचन वाचायचं, गीत म्हणायचं, आणि तिथं काय घडलं ते वाटाड्यानं सांगायचं. त्या काळी चार माणसं एकत्र चालायची तर सरकारची इजाजत लागायची. पाळकसाहेब अर्ज घेऊन अंबडच्या कचेरीत गेले, तर तिथल्या अंमलदारानं विचारलं, "ये जुलूस है के सैर?"

"जी, सैर."

"नारे लगाएंगे?"

"नहीं जी, गाने."

"गाने चलेंगे," म्हणून त्यानं शिक्का मारला. तर अशी आमची पवित्र यात्रा सरकारी कागदावर सैर म्हणून निघाली.

वाटाड्याची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. मी एक जाड वही केली, तांबड्या शाईनं मुक्कामांची नावं लिहिली, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांना गाठून प्रश्न विचारत सुटले. बहुतेकांना ऐकीव माहिती. ती वाट स्वतः आलेलं माणूस एकच उरलं होतं, ते म्हणजे माझी आत्या.

आत्या माझ्या वडिलांची बहीण, पण सावत्र. ती पाच-सहा वर्षांची असताना आजोबा तिला आणि तिच्या आईला घेऊन त्या लोकांबरोबर निघाले. अंबडच्या पुढं कुठंतरी तिची आई गेली. जालन्याला पोचल्यावर आजोबांनी दुसरं लग्न केलं, त्या आजीचे माझे वडील. पहिल्या बायकोचं नाव आजोबांनी घरात पुन्हा कधी काढलं नाही. आत्या लहानपणीच विधवा झाली, वाचायला शिकली, आणि बायबलबाई म्हणून चाळीस वर्षं खेडोपाडी हिंडली. काखेत पिशवी, पायात चपला, दातांना मिश्री. मिश्रीवरून तीन मडमसाहेबांनी तिला उपदेश केला. तिघीही विलायतेला परत गेल्या, मिश्री काही गेली नाही. मला तिनंच वाढवलं, तिनंच अक्षरं शिकवली. मी मास्तरीण झाले आणि तिच्यापेक्षा शहाणी झाले, असं मला तेव्हा वाटायचं.

पाळकसाहेबांनी तिच्या आईसाठी एक दगड घडवून घेतला. काळा, हातभर लांब, गुळगुळीत. यावर देवळाच्या पंचांत मोठं भांडण. बाई बाप्तिस्मा होण्याआधी मेली, मग तिला ख्रिस्ती कसं म्हणायचं? आठ दिवस वाद चालला. शेवटी 'वाट चालता चालता विसावलेली आमची पहिली बहीण' एवढंच कोरायचं ठरलं. आणखी एक ठरलं. जागा सापडली तर दगड तिथं बसवायचा. नाही सापडली तर जालन्याला आणून देवळाच्या भिंतीत.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती मिश्री लावत होती. बोट तोंडातून काढून म्हणाली, "भिंतीत कशाला? भिंतीत माझी माय हाये का?"

"मग जागा दाखव ना," मी म्हणाले.

"दाखवीन की. मी काय इसरले व्हय?"

त्यानंतर ती चार दिवस नीट जेवली नाही. मला वाटलं, प्रवासाची धास्ती घेतली असेल.

नाताळ होऊन दोन आठवडे झाले होते. थंडी छान होती, ज्वारी हुरड्याला आली होती. मिशनच्या मोटारीनं दोन खेपांत आम्हाला सडकेनं शहागडला सोडलं आणि तिथून आम्ही जुन्या गाडीवाटेनं निघालो. ती वाट सडकेपासून लांब, शेताशेतांतून गेलेली. गाड्या अंबडहून मागवलेल्या. सामानाच्या गाडीचा गाडीवान मुसलमान होता, त्याला सगळे चाचा म्हणायचे. दगड त्याच्याच गाडीत, गोणपाटात गुंडाळून, पिठाच्या डब्याशेजारी. चाचाला कुणीतरी सांगितलं की हा बाईच्या कबरीचा दगड, तेव्हापासून तो त्यावर पाय ठेवून कुणाला बसू देईना.

मंडळी हौशी होती. औरंगाबादहून चौघं आली होती, पुण्याहून दोन बाया आल्या होत्या, त्या दर ओढ्यापाशी "किती सुंदर!" म्हणायच्या. मी वही उघडून पुढं चालायचे. पण वहीत 'वडाखाली पहिला विसावा' असं लिहिलेलं, आणि वड समोर आला की आत्या मान हलवायची. "ह्यो न्हाई." आम्ही पुढं जायचो. पाव कोस गेल्यावर तिचं "अगं बया, गेलं की ते!" आणि परत फिरून त्याच वडाखाली गीत. विहिरीचं तसंच, पाराचं तसंच. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बायांचं 'किती सुंदर' बंद झालं.

अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी दिसली तेव्हा मात्र आत्या थबकली. "हितं माय जिती होती," ती म्हणाली. "पानी दे म्हनली. बापानं चुळकाभर आणलं. पेली, आन् मला म्हनली, तू पे उरलेलं." मी वहीत लिहून घेतलं. आता मला लाज वाटते, पण त्या वेळी मी अक्षर चांगलं यावं म्हणून टाक पुन्हा शाईत बुडवला होता.

चौथा दिवस म्हणजे खरा कसोटीचा. जागा असली तर याच पट्ट्यात. आत्या सकाळपासून सगळ्यांच्या पुढं, पदर खोचून, बांधाबांधानं धावत होती. तिला आठवत होतं एक हिवराचं झाड आणि त्याच्यामागं एक टेकडी, मध्येच खळगा पडलेली, बैलाच्या पाठीवर वशिंडाच्या मागं पडतो तसा. "इथंच," असं ती एका लिंबाखाली म्हणाली. दगड उतरवला, पाळकसाहेबांनी टोपी काढली, आणि ती म्हणाली, "न्हाई. टेकडी न्हाई हितं." दगड परत गाडीत. अर्ध्या कोसावर पुन्हा तेच. दगड खाली, टोपी हातात, "न्हाई बाबा, हे न्हाई." औरंगाबादच्या एका गृहस्थांनी घड्याळ काढून पाहिलं. पुण्याच्या एका बाईनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या.

माझं टाळकंच फिरलं. वाटाड्या मी, फजिती माझी होत होती, एवढंच मला दिसत होतं. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "आत्या, तुला काहीसुद्धा आठवत नाही. कबूल कर आणि दगड देवळात लागू दे. कशाला सगळ्यांना रानोमाळ फिरवून राह्यलीस?"

रागावले की माझी शाळेतली भाषा अशी गळून पडायची आणि घरची निघायची.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं गावागावांतल्या लोकांनी तिच्यावर शेण फेकलं, कुत्री सोडली, तेव्हा ती काही ना काही सुनवून आल्याशिवाय राहिली नव्हती. मला ती काही बोलली नाही. सरळ चाचाच्या गाडीकडे गेली, गाडीच्या मागच्या बाजूला चढून बसली, पाय खाली सोडले आणि माझ्याकडे पाठ केली. म्हणजे मी गाडीच्या पुढं चालत होते, ती मागं तोंड करून. रुसलेल्या पोरीसारखी. चाचा मला हळूच म्हणाला, "मास्तरीणबाई, आता बोलू नका. बुढ्ढी का दिल दुख्या."

घटकाभर तसेच गेलो. ऊन पाठीवर चांगलं तापायला लागलं होतं. मला पश्चात्ताप होत होता, पण माघार घ्यायची म्हणजे मान खाली जाते ना! मी तशीच ताठ चालत राहिले. मग चाचानं मला हाक मारली. "बाई, ये क्या बोल रई, सुनो तो जरा."

मी गाडीच्या बाजूनं चालत मागं आले. आत्या स्वतःशीच बोलत होती. "ह्यो दगडाचा वढा... हितं चाक अडकलं... ते तिकडं म्हसोबा... हां, म्हसोबा... आता चढ लागल." आणि चढ लागला. मी वही उघडली. यातलं एकही अक्षर वहीत नव्हतं.

"आत्या," मी म्हणाले, "हे तू मला का नाही सांगितलंस?"

"आता दिसून राह्यलं, तर आता सांगते."

"तू तेव्हा कुठं बसली होतीस?"

"हितंच. मागं. एका तेल्याची गाडी जालन्याला रिकामी चालल्ती, त्यानं म्हाताऱ्यांना न् लेकरांना घेतलं. बापानं मला अश्शी मागं बसवली, पाय सोडून. पुढचं मला काय दिसतंय? पुढं समदी म्हातारी." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कुनी इचारलं व्हय मला, कोन्या तोंडानं बसल्ती म्हनून?"

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. काय खाल्लं, कुठं निजले, कोण मेलं, कोणतं गाणं म्हटलं, सगळं विचारलं होतं. सगळी वाट तिनं मागं जाताना पाहिली होती. समोरून येणारा वड तिनं कधी पाहिलाच नव्हता, मग ओळखणार कसा? आणि मी मेली तिला तीन दिवस सगळ्यांच्या पुढं चालवत होते. मी गाडीबरोबर चालत राहिले. 'चुकले' असं म्हणायला तोंड उघडलं, पण आत्यानं हात वर करून मला थांबवलं. ती समोर, म्हणजे मागं, टक लावून पाहत होती.

तिच्या नजरेच्या रोखानं मीही पाहिलं. आम्ही जी टेकडी नुकतीच बाजूला टाकून आलो होतो, ती येताना सपाट दिसली होती, भाकरी पालथी घातल्यासारखी. आता इकडून तिच्या मधोमध खळगा दिसत होता. पायथ्याला ज्वारीचं शेत, शेताच्या बांधाला वाळलेल्या झाडाचं खोड. गाडी ओढ्याच्या उतरणीला लागली. टेकडी हळूहळू बांधाआड जायला लागली. आत्यानं गाडी थांबवा म्हटलं नाही. दोन्ही हातांनी गाडीच्या साट्याची फळी घट्ट धरली होती आणि ओठ हलत होते.

"आता जाईल," ती म्हणाली. "आता जाईल... गेली."

"काय गेलं, आत्या?"

"माय."

आणि ती हंबरडा फोडून रडली. माझ्या उभ्या जन्मात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "मी रडलेसुदिक न्हाई गं," ती म्हणत होती, "बापाला म्हनलेसुदिक न्हाई गाडी थांबव. नुसती बघत बसले. तेल्याला घाई होती. लोक म्हनले, आता वरून औत फिरंल, कोन वळखतंय. साठ वर्सं मला त्येच दिसून राह्यलं, तिच्या छातीवरून औत गेलेलं." मी तिला धरलं. मीही रडले. चुकले, चुकले, असं किती वेळा म्हणाले कुणास ठाऊक. चाचानं बैल थांबवले होते आणि तो पलीकडे तोंड करून उभा होता.

सगळी मंडळी परत फिरली. या खेपेला कुणी घड्याळ काढलं नाही.

त्या बांधाशी पोचलो तर हिवराचं नुसतं खोड उरलेलं. भोवती कणसांनी वाकलेली ज्वारी, पार टेकडीपर्यंत, आणि खोडाच्या पायथ्याशी एक तुकडा मोकळा. माणूस आडवा होईल एवढाच. त्यात ज्वारी नव्हती. गवत होतं, तेही कापलेलं, आणि कडेनं गोटे मांडलेले. आत्या तिथं जाऊन मटकन खाली बसली. तळहातानं गवत चाचपत राहिली.

इतकी माणसं शेतात शिरलेली पाहून शेतकरी राखणीच्या माळ्यावरून उतरून आला. पन्नाशी उलटलेला, हातात गोफण. पाळकसाहेबांनी सवयीनं सलाम केला, त्यानं राम राम घातला.

"पाटील, हा तुकडा तुम्ही पेरत नाही का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"न्हाई. बापानं सांगून ठेवलं, हितं औत घालायचं न्हाई. दुस्काळातली बाई हाये."

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी घाईघाईनं त्याला सगळं समजावून सांगितलं, आम्ही कोण, कुठून आलो, ही आमची बहीण. गोणपाट सोडलं. शेतकऱ्यानं दगडावरून हात फिरवला आणि विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं, 'वाट चालता चालता विसावलेली आमची पहिली बहीण.'

त्यानं मान हलवली, पण ती नाही म्हणायला.

"हे तुमचं झालं. तिच्या पोरीचं न्हाई का लिवलं?"

"कुठल्या पोरीचं?" पाळकसाहेब म्हणाले.

"तिची पोर होती ना. गावानं मसनवटा दिला न्हाई, म्हनून बापानं ह्यो बांध दिला. त्या मानसांत कुदळ उचलायचा दम नव्हता, खड्डाबी बापानंच खांदला. मंग गाडी गेली. बाप सांगायचा, गाडीच्या मागं एवढुशी पोर बसल्ती. रडंना, बोलंना, नुसती हिकडं बघत राह्यली. पार वढ्यात गाडी उतरस्तोवर. बाप म्हनायचा, जे लेकरू असं बघतंय ते येतंच. जागा राखा. ती आली म्हंजी तिला दावा." त्यानं गोफण खांद्यावर टाकली. "बाप गेला. मी बी म्हातारा व्हायला आलो. आली न्हाई ती."

सगळे आत्याकडे पाहत होते. तिचे केस पार पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तो माणूस मात्र अजून आमच्या तोंडांकडेच पाहत होता.

आत्यानं गवतावरचा हात उचलला नाही. मान तेवढी वर केली.

"आले की रं, भाऊ," ती म्हणाली. "गाडी लई लांब गेल्ती."